भुऱ्याचं दुखणं

कुत्र्यानं घरात मुतल्याची तक्रार आमच्या गावात कुणी केल्याचं मला आठवत नाही. कारण साधं होतं. कुत्रं घरात नसायचंच. ते सपरीच्या पायरीशी, तणसीच्या ढिगावर, नाहीतर कोठ्यात बैलांच्या दावणीजवळ पडून असायचं. उंबरठ्याच्या आत त्याचं नाक यायचं, पाय यायचे नाहीत. भिवापूर तालुक्यातलं आमचं गाव मिरचीचं. हंगामात अख्ख्या अंगणात लाल मिरची पसरलेली असायची आणि कुत्रं तिला वळसा घालून उकिरड्याकडे जायचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

माणसांचंही तसंच होतं. घर वेगळं, परसाकडची जागा वेगळी. गाडगेबाबांच्या नावानं 2000 साली ग्रामस्वच्छतेचं अभियान निघालं, त्यानंतर आमच्या सांदवाडीत संडास बांधला गेला. तोही बाबांनी घरापासून वीस पावलं दूर, सीताफळाच्या झाडामागं बांधून घेतला. मिस्त्री म्हणाला, "घराले लागून बांधा, रातच्याले सोयीचं पडन." बाबा म्हणाले, "जेथं शिजते, जेथं झोपतो, तेथं हे नाही."

हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं मनीषनगरात जे झालं ते या एका वाक्यावाचून समजायचं नाही.

आई गेली त्यानंतर, 2015 च्या दिवाळीत, बाबा आमच्याकडे नागपुरात राहायला आले. एकटे आले नाहीत. पिशवीत दोन धोतरं, पानाचा डबा आणि दोरीला बांधलेलं वर्षभराचं गावरान कुत्रं. रंगानं भुरकट, म्हणून भुऱ्या. "त्याले कोणाच्या भरोशावर ठेवू?" एवढंच म्हणाले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी फरशीकडं पाहिलं.

तेव्हाचं मनीषनगर आजच्यासारखं नव्हतं. वर्धा रोडकडं जायचं तर रेल्वे फाटकावर थांबावं लागायचं. तिथला पूल 2020 मध्ये सुरू झाला. फ्लॅट स्कीमा उठत होत्या, पण मधेमधे मोकळे प्लॉट होते. त्यांच्यात गाजरगवत, बोरीबाभळी, पावसाळ्यात गुडघाभर तरोटा. आमच्या स्कीमच्या मागचा एक प्लॉट म्हणजे भुऱ्याला गावच होतं.

फ्लॅटमधल्या कुत्र्याला सवय कशी लावायची याची मुलानं मोबाईलवरून यादी काढली होती. तिची गरज पडली नाही. पहिल्या दिवशी भुऱ्या संध्याकाळपर्यंत गॅलरीत कुंईकुंई करत होता, पण फरशीवर थेंब पाडला नाही. बाबांनी खाली नेल्याबरोबर मातीला पाय लागले आणि तो इतका वेळ मुतला की वॉचमन हसायला लागला. नंतर कळलं की यामागं शास्त्र आहे. कुत्र्याची पिल्लं तीन आठवड्यांची झाली की झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन करायला लागतात. त्याआधी आईच चाटून साफ करते. आणि कोवळ्या वयात ज्या जमिनीवर पाय टेकून करायची सवय लागते, तीच जमीन ते पुढं शोधत राहतात. भुऱ्याची जमीन माती होती. फरशी त्याच्या हिशेबात बसतच नव्हती.

बाबांच्याही बसत नव्हती. त्यांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम होतं. आम्ही मुद्दाम तीच खोली त्यांना दिली. एका आठवड्यात त्यांनी त्या दारासमोर आपली ट्रंक ठेवून दिली आणि रात्री-बेरात्रीही पॅसेज ओलांडून मुख्य दाराजवळच्या संडासात जाऊ लागले. "खाटेजवळ संडास म्हणजे काय बाप्पा!" आम्ही मग तो विषय काढला नाही. असे दोघंही, बाबा आणि भुऱ्या, आपापला नियम पाळून आठ वर्षं राहिले.

2023 च्या मार्चात एका सकाळी पॅसेजमध्ये ओल दिसली. आधी वाटलं फिल्टर गळला. दोन दिवसांनी दिवाणखान्यात, दाराच्या पायपुसण्याजवळ. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. आता शंकेला जागा राहिली नव्हती. नऊ वर्षांचा कुत्रा, ज्यानं कधी चटई ओली केली नाही, तो घरात मुतत होता. आणि एकदा नाही, थोडं थोडं, चार चार ठिकाणी.

घरात अशी गोष्ट झाली की प्रत्येकाजवळ कारण तयार असतं. बायको म्हणाली, मागचा प्लॉट गेला ना, म्हणून. खरंच त्या महिन्यात प्लॉटला टिनाचे पत्रे लागले होते, आत जेसीबी चालत होता. समोरचा रस्ता आधीच सिमेंटचा झाला होता, त्याच्या कडेला गट्टू बसले होते. भुऱ्याला मातीसाठी आता चौथ्या गल्लीपर्यंत जावं लागे. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. जागा बदलली, फिरायची वेळ बदलली, घरात नवं माणूस आलं, फटाके वाजले, तरी शिकलेलं कुत्रं चुकतं. पण पत्रे लागायच्या आठवडाभर आधीच पहिली ओल दिसली होती.

मुलाचं मत पडलं की तो हद्द दाखवतोय. नर कुत्रे करतात तसं. पण हद्द दाखवणारं कुत्रं टांग वर करून भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, उभ्या वस्तूवर मारतं. भुऱ्या मात्र फरशीच्या मधोमध उभा राहायचा, अंग आखडून, आणि थेंबथेंब यायचं.

वरच्या मजल्यावरचे शेजारी निवृत्त गृहस्थ, सगळ्या विषयांत जाणकार. ते म्हणाले, "माजला तो. तुम्ही लाडावून ठेवला. त्याच्यातच नाक घासा त्याचं, दोन दिवसांत सुधारते." बाबा आतून बाहेर आले. "तुमचा नातू गादी ओली करते, तवा त्याचं बी नाक घासता का?" शेजारी हसून गेले. पण जाताना सांगून गेले, "पाहा ना, कसा गुन्हेगारासारखं तोंड करून बसला. त्याले माहीत आहे आपण काय केलं ते."

हे गुन्हेगाराचं तोंड सगळ्यांना फसवतं. कान मागं, मान खाली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणं. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या अभ्यासक बाईंनी 2009 साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं. ते तोंड कुत्र्यानं काय केलं यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. काहीही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसंच तोंड करत होती. म्हणजे ती कबुली नसते, ती भीती असते. सकाळच्या ओलीसाठी दुपारी नाक घासलं तर कुत्रं एवढंच शिकतं की हा माणूस कधीही अंगावर येतो. मग ते लपून, पलंगाखाली करायला लागतं.

बाबांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी आयुष्यभर जनावरं पाळली होती. "जनावर उगाच नाही करत. काहीतरी दुखत असन त्याचं. दवाखान्यात ने."

आम्ही त्याला सेमिनरी हिल्सला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. हे कॉलेज 1958 सालचं. गावाकडचे लोक गाईम्हशीसाठी त्याचं नाव घ्यायचे, आता तिथं कुत्र्यांची रांग असते. मनीषनगराहून म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मी, बाबा आणि ऑटोत मधे भुऱ्या.

त्या रांगेत दोन तास बसलो आणि लक्षात आलं की एकाच तक्रारीची किती कुळं असतात. आमच्या पुढच्या बाईंजवळ लॅब्राडोर मादी होती. ती झोपेत गळायची. उठली की खाली गादी ओली, आणि तिला स्वतःला पत्ताच नाही. नसबंदी केलेल्या काही माद्यांत पुढं लघवीचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो, त्याला औषध आहे. त्यांच्या शेजारी एक म्हातारं पोमेरेनियन, चौदा वर्षांचं. ते दाराच्या चुकीच्या बाजूला, बिजागरीकडं तोंड करून उभं राहायचं, रात्री घरभर फिरायचं आणि जिथं असेल तिथं करायचं. म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो तसाच कुत्र्यांनाही पडतो. एका पोराजवळ कोवळं पिल्लू होतं, जे कुणी वाकून हात लावला की जागेवरच मुतायचं. ते फक्त भ्यायलेलं होतं. वाढलं, धीर आला की आपोआप थांबतं. आणखी एकाचा डॉबरमॅन बादलीभर पाणी पीत होता आणि तेवढंच बाहेर टाकत होता.

आमचा नंबर आला. डॉक्टर बाई तरुण होत्या, भोवती चार-पाच शिकणारी पोरं. त्यांनी कुत्र्याला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. जास्त वेळा करतो की एका वेळी जास्त करतो? झोपेत होतं की उभं राहून? जोर लावतो का? रंग कसा? शी कशी होते? कुठली गोळी चालू आहे? अंगावर गोचीड? पाणी किती पितो?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ होतं, कारण बायकोनं तीन दिवस भुऱ्याचं पाणी मापी जगनं मोजून दिलं होतं. दिवसाला पाऊण लिटर. डॉक्टर बाईंनी मान डोलावली. कुत्रं किलोमागं दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर पाणी पिऊ लागलं की काळजी. मग मूत्रपिंडाचा आजार, साखर, हार्मोन्सचा बिघाड असं शोधावं लागतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान अशी वाढते. मूत्रपिंडाचं तर असं, की दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत ते बाहेरून काही कळू देत नाही. भुऱ्याचं वजन 16 किलो. म्हणजे पाण्याचा हिशेब बरोबर होता, त्या वाटेनं जायला नको.

मग बाबा म्हणाले, "त्याले परसाकडं कुंथावं लागते. आणि परवा सपाट्यानं चालून आल्यावर खाली दोन थेंब रक्त दिसलं." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फिरवायला तेच न्यायचे.

डॉक्टर बाईंनी हातमोजा चढवून मागून बोट घालून तपासलं, सोनोग्राफी झाली, लघवी तपासायला गेली. निदान निघालं: प्रोस्टेटची गाठ वाढलेली आणि तिच्यात जंतू शिरलेले. तेच लघवीत उतरले होते, म्हणून त्याला दर घटकेला लागत होतं आणि खाली जाईपर्यंत थांबवत नव्हतं.

"हे काय असते मॅडम?" बाबांनी विचारलं.

बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ही ग्रंथी असते. खच्ची न केलेल्या नराची ती वयाप्रमाणं वाढत जाते. पाच-सहा वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांत थोडीफार वाढलेलीच सापडते. मग त्या सहज म्हणाल्या, "आजोबा, वयानुसार ही गाठ अशी वाढण्याचा त्रास प्राण्यांमध्ये मुख्यतः दोघांनाच. एक कुत्रा, आणि दुसरा माणूस. फक्त कुत्र्याची बाहेरच्या बाजूला वाढते, म्हणून शी अडते. माणसाची आतल्या बाजूला दाबते, म्हणून लघवी अडते."

बाबांनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

उपाय दोन सांगितले. चार आठवडे जंतूंवरचं औषध, एक दिवसही न चुकवता. जंतू आटोक्यात आले की खच्चीकरण. त्यानं ती गाठ काही आठवड्यांत आपोआप आकसते. घरासाठी तीन गोष्टी सांगितल्या. औषध चालू आहे तोवर दर दोन-तीन तासांनी खाली न्या. पाणी बिलकूल तोडू नका. आणि ओल झाली ती जागा नुसतं फिनाईल टाकून पुसू नका. आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला राहतो आणि तो परत तिथंच येतो. साबणानं धुवा, मग व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा.

परतीच्या वाटेवर बाबा काही बोलले नाहीत. अजनी चौक गेला, विमानतळाचा रस्ता गेला. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "गोऱ्हा बडवायचा तर दोन वर्षाचा असताना. नऊ वर्षाच्या जिवाले बडवतात होय!"

यातलं दुखणं मला पुढं कळलं. बाबांनी गावात किती गोऱ्हे बडवलेले पाहिले होते. आधी दगडानं, नंतर सरकारी दवाखान्याच्या चिमट्यानं. गोऱ्हा बडवला की बैल होतो, मान खाली घालून नांगर ओढतो. त्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता: जिवातला पीळ काढून घेणं.

औषधानं दहा-बारा दिवसांत फरक पडला. एप्रिल निघाला तसा भुऱ्या पुन्हा पूर्वीसारखा दाराशी जाऊन उभा राहू लागला. मेच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. संध्याकाळी घरी आणला, गळ्यात प्लॅस्टिकचा फनेल, डोळे गुंगीत. टाके चाटू नये, उडी मारू नये म्हणून गॅलरीत कूलरसमोर त्याची गादी घातली आणि जाळीचं दार बाहेरून लावून घेतलं.

पहाटे पाणी प्यायला उठलो तर पॅसेजमध्ये ओल. संडासाच्या दारापासून चार पावलं अलीकडं. गॅलरीचं दार लागलेलं होतं. जाळीपलीकडं भुऱ्या फनेलसकट झोपलेला होता.

बायकोही उठली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मोरीतून पोछा आणला आणि दिवा न लावता पुसून घेतलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोलायचं काय? एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं खाटेजवळचा संडास आठ वर्षं ट्रंक लावून बंद ठेवला, त्याला हे कुठल्या शब्दांत विचारायचं?

विचारावं लागलं नाही. सकाळी चहा घेताना बाबा कपाकडं पाहत म्हणाले, "रातचं ते भुऱ्याचं नव्हतं."

"चहा घ्या बाबा, थंडा होते," बायको म्हणाली.

"मागचेही दोन-तीन माहेच होते. त्याच्यावर गेले." मग थोडं थांबून, "त्या मुक्या जिवानं माह्या वाटचं ऐकून घेतलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून रात्री चार-पाचदा उठावं लागत होतं. लागली की थांबवत नव्हती, गेलं की सुरू होत नव्हती, झाली तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नव्हतं. पॅसेज ओलांडेपर्यंत कधी कधी सुटायची. त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय काढला होता: दुपारी चारनंतर पाणी बंद. नागपूरचा मे महिना, पारा 44-45 वर, आणि हा माणूस संध्याकाळी एक घोट पाणी घेत नव्हता. मला ओलीचं काहीच वाटलं नाही, या पाण्याचं ऐकून मात्र पोटात खड्डा पडला.

"मग दवाखान्यात का नाही सांगितलं?" मुलानं विचारलं.

बाबांनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला. "सांगितलं नसतं का? पण पाहिलं ना त्या बाईनं काय इलाज सांगितला तो. बीमारी एकच, म्हणजे इलाजही एकच. आता या वयात बडवून घेऊ का मी?"

आधी मुलाला हसू फुटलं, मग बायकोला, मग बाबांनाच. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. नऊ वर्षांच्या भुऱ्यासाठी ते जे बोलले होते ते खरं कुणासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात रामदासपेठेत मूत्ररोगाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी केली, लघवीची धार मोजली, रक्ताची तपासणी केली. साठीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांची ही गाठ वाढलेली असते, म्हणाले. बहुतेक जण लाजेनं सांगत नाहीत आणि एक दिवस लघवी पुरती अडली की मध्यरात्री दवाखाना गाठतात. बाबांनी आपली शंका न लाजता विचारली. डॉक्टर खळखळून हसले. माणसाला त्यासाठी कुणी बडवत नाही, आधी रोजची गोळी. गरज पडलीच तर दुर्बिणीनं आतली वाढ खरवडून काढतात, बाकी सगळं जागच्या जागी. पाणी तोडू नका, फक्त झोपायच्या आधीचे दोन तास कमी घ्या. आणि रात्री लांब चालू नका. पडलात तर गाठीपेक्षा खुबा महागात पडेल.

घरी येऊन बाबांनी स्वतःच ट्रंक ओढून बाजूला केली. त्या संडासाचं दार आठ वर्षांनी उघडलं, बिजागऱ्यांना तेल द्यावं लागलं. पहिले काही दिवस ते आत जाताना खाटेवर चादर ओढून घ्यायचे. मग तेही सुटलं. गोळीनं रात्रीचं उठणं दोनवर आलं.

भुऱ्याचा फनेल पंधरा दिवसांत निघाला. त्याच्यातला पीळ काही गेला नाही. चौथ्या गल्लीतल्या डुकरावर तो पूर्वीसारखाच धावून जातो.

आमच्या स्कीमच्या फाटकाजवळ सिमेंटचा बाक आहे. संध्याकाळी तिथं पाच-सहा म्हातारे बसतात. सगळे कुठून कुठून आलेले, कुणी उमरेडकडचा, कुणी हिंगणघाटचा, कुणी आर्वीचा, लेकांच्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेला. तिथं पूर्वी कापसाच्या भावाच्या गोष्टी चालायच्या. आता बाबा भुऱ्याची गोष्ट सांगतात. घरात ओल कशी दिसली, कोण काय म्हणालं, बाईंनी कागदावर काय काढलं. सगळे हसत हसत ऐकतात, कारण गोष्ट कुत्र्याची असते. मग बाबा शेवटी हळूच विचारतात, "तुम्ही रातच्याले कितीदा उठता जी?"

दिवाळीच्या सुमारास एकदा रात्री नऊ वाजता आमच्या दाराची बेल वाजली. वरचे शेजारी होते, तेच, नाक घासायला सांगणारे. आत आले नाहीत. भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, इकडचं तिकडचं बोलले, आणि निघता निघता आवाज खाली आणून बाबांना म्हणाले, "भाऊ, तो तुमचा रामदासपेठेतला डॉक्टर, त्याचा नंबर द्याल का जरा?"